दोन टिपर आणि एक एम.एस्सी.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने राज्यातल्या लोहखाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांच्या हद्दीवरच्या एका घराच्या अंगणात तेव्हा खनिज वाहणारे दोन टिपर ट्रक येऊन उभे राहिले. एकाचे कर्ज फिटत आले होते, दुसऱ्याचे निम्म्याहून अधिक बाकी होते. त्या घरातली धाकटी मुलगी त्याच पावसाळ्यात ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राला दाखल झाली होती. चुलते, शेजारी, सोसायटीचे लोक सगळे एकच सांगत होते: बी.एस्सी. झालीय ना, मग कुंडई किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल ती नोकरी धर आणि घराला हातभार लाव.

तिने शिक्षण सोडले नाही. तिला सोडू दिले नाही, असे म्हणणे जास्त बरोबर. त्या निर्णयाचे पुढे काय झाले त्याची ही नोंद.

मी अर्थशास्त्र शिकवते. या मुलीचा थोरला भाऊ २००६ साली माझ्या प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गात होता आणि वर्ष पुरे व्हायच्या आत निघून गेला. कुटुंबाशी माझी ओळख तेव्हापासूनची. त्यांच्या संमतीने लिहीत आहे, फक्त नावे आणि गाव दिलेले नाही.

उच्च शिक्षणाचे मोल काय, हा प्रश्न आपल्याकडे दोन आकड्यांच्या मध्ये अडकून पडतो. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१८ साली जगभरची आकडेवारी एकत्र करून सांगितले की शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे माणसाची कमाई सरासरी ९ टक्क्यांनी वाढते. उलट, भारतातल्या रोजगारावरचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती फक्त ३.४ टक्के. पहिला आकडा आम्ही वर्गात सांगतो, दुसरा मुले आम्हाला सांगतात. दोन्ही खरे आहेत, पण त्या अंगणात बसलेल्या आईला यांतला एकही कामाचा नव्हता.

खनिजाच्या भावातली वर्षे

थोरल्याने कॉलेज सोडले तेव्हा तो आळशी नव्हता आणि मठ्ठही नव्हता. हिशेबात तर वर्गात पहिल्या पाचांत असावा. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक त्या वर्षांत वाढत होती. गोव्याचे कमी प्रतीचे खनिज, जे पूर्वी खाणीच्या कडेला टाकून द्यावे लागे, तेही जहाजात भरून जाऊ लागले होते. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. ते खाणीतून मांडवी आणि जुवारीच्या काठच्या जेटींपर्यंत नेणारे टिपर गावोगावच्या लोकांचे होते. खेपेमागे, टनामागे पैसे मिळत. पहाटे चारला रांगेत लागायचे, खाणीवर भरायचे, वजनकाट्यावर चिठ्ठी घ्यायची, जेटीवर ओतायचे आणि परत फिरायचे. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून गाड्या भरधाव जात, लाल धूळ घरांवर, भातावर आणि शाळेच्या बाकांवर बसे. त्या धुळीविरुद्ध सत्तरीतल्या सोनशी गावाने २०१७ साली रस्ता अडवला आणि गावकरी तुरुंगात गेले. पण २००६ मध्ये त्या धुळीला पैशाचा वास होता.

बापाकडे एक टिपर होता. थोरला त्यावर बसला आणि २०१० मध्ये कर्ज काढून दुसरा घेतला. डिझेल, हप्ता, ड्रायव्हरचा पगार वजा जाता चांगल्या महिन्यात त्याच्या हातात जे उरे, ते माझ्या कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या पगाराला टेकत होते. वय २२. पाठ्यपुस्तकात आम्ही संधी खर्च शिकवतो, म्हणजे एक वाट धरताना दुसऱ्या वाटेवरची जी कमाई सोडून द्यावी लागते ती. बी.कॉम.ची ३ वर्षे वर्गात बसण्याचा त्याचा संधी खर्च प्रचंड होता. त्याने तो बरोबर मोजला. एकच गोष्ट त्या मोजणीत नव्हती, की हा धंदा कधीतरी थांबेल. पण ती सरकारच्याही मोजणीत नव्हती आणि बँकेच्याही, नाहीतर तिने कर्ज दिले नसते.

धाकटीने २००९ मध्ये बारावी विज्ञान केले आणि फोंड्याजवळ फर्मागुढीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली. उसगाव-तिस्कावर बस बदलायची, संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर शेवटची बस गाठायची. तिची फी, बसपास, जर्नल्स, पांढरा कोट, सगळे टिपरच्या पैशातून आले. जमिनीतून निघालेले खनिज एकदा जहाजात चढले की परत येत नाही, पण त्यातला थोडा पैसा या एका घरात मुलीच्या शिक्षणात गेला. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी. भावाची कमाई आणि बहिणीची पदवी या दोन स्पर्धक गोष्टी नव्हत्या. पहिलीतून दुसरी निघाली.

दोन वर्षे कशी काढली

खाणी थांबल्यावर सहा महिन्यांत घरातली शिल्लक हप्त्यांत गेली. जुना टिपर कवडीमोलाने विकला, कारण तेव्हा अख्खा तालुका टिपर विकायला निघाला होता. बाप रिकामा बसून खचला. थोरला शाळेच्या बालरथावर ड्रायव्हर म्हणून लागला.

विद्यापीठाची फी ही त्यांची अडचण नव्हती, हे मला ठासून सांगायचे आहे. सरकारी विद्यापीठाची फी कशीही भरता आली असती, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्जही होते. पण ज्या घरावर ट्रकचे कर्ज आहे, तिथे आईला आणखी एका कर्जाचा कागद नुसता समोर आला तरी धडकी भरते, मग तो बिनव्याजी का असेना. जड होते ते वेगळेच. वसतिगृह, जेवण, बस, आणि दर महिन्याला घरात न येणारा तो पगार, जो ती बी.एस्सी.वर मिळवू शकली असती. गरीब देशात मूल शिकवण्याची खरी किंमत ही असते आणि कुठल्याही शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तिचा रकाना नसतो.

ही किंमत आईने उचलली. ती बचतगटात होती. गटाकडे जवळच्या शाळांच्या माध्यान्ह आहाराचे काम होते. रोज पहाटे पाव मोजायचे, भाजी शिजवायची, डबे भरून रिक्षात चढवायचे. मार्च ते मे ती दिवस डोंगरावरच्या काजूत घालवी. बिया वाळवून विकायच्या आणि रस भाटीवाल्याला द्यायचा. धाकटीने पहिल्याच वर्षी वसतिगृह सोडले, साखळीहून पणजी आणि पणजीहून ताळगाव अशी ये-जा सुरू केली, आणि शनिवार-रविवारी गावातल्या दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या.

दिवाळीनंतर एका कारखान्यात पॅकिंग विभागात जागा असल्याचे कळले. पगार लगेच सुरू होणार होता. चुलत्याने शब्दही टाकला होता. मुलगी तयार झाली. आईने मात्र तिला चुलीपाशी बोलावून सांगितले, "तूं शीक गो बाय, हांव पळयतां." म्हणजे तू शीक, मी बघते. आई स्वतः मराठी चौथीपर्यंत शिकलेली, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या शाळांपैकी एकीत. "का नाही सोडू दिलं?" असे मी तिला पुढे विचारले. ती म्हणाली, टिपरने सगळं दिलं, आणि तो थांबला त्या दिवशी सगळं थांबलं. पोरीकडचं असं एका कागदावर थांबणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

पगारात न दिसणारे

मुलगी २०१४ मध्ये एम.एस्सी. झाली आणि पुढे काही काळ नोकरीच नव्हती. सरकारी जागांचे फॉर्म भरले, परीक्षा दिल्या, एका उच्च माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवले. शेवटी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत लागली. पहिला पगार भावाच्या २०१० मधल्या कमाईच्या निम्म्याला पोचत नव्हता. हे प्रकरण तिथेच मिटवले असते, तर निष्कर्ष स्पष्ट होता: टिपर जिंकला.

पण मधल्या काळात भावाच्या वाट्याला काय आले तेही मोजले पाहिजे. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणी पुन्हा सुरू करायला वाट दिली. थोरल्याने बालरथ सोडला, उरलेला टिपर दुरुस्त केला, टायर घातले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प. दोन वेळा त्याच माणसाची तीच पुंजी बुडाली. आज तो चिरे आणि रेती वाहतो. मेहनतीत तो बहिणीच्या तसूभरही मागे नाही.

बहिणीची चढण हळू होती. तिच्या कामातला एक प्रसंग सांगते, कारण एम.एस्सी.ने तिला काय दिले ते मला त्यातून कळले. गोळ्यांमधल्या औषधाचे प्रमाण एचपीएलसी नावाच्या यंत्रावर मोजतात. औषध विरघळवून एका नळीतून ढकलतात, आणि ते ठरावीक मिनिटाला बाहेर पडून पडद्यावर एक शिखर काढते. एकदा ते शिखर रोजच्यापेक्षा लवकर येऊ लागले. वरिष्ठ म्हणाले, नळी बदला. ती महाग असते आणि बदलून दोष गेला नाही तर अख्खा दिवस वाया. ही मुलगी वहीकडे गेली. औषध आम्लारीधर्मी आहे, द्रावणाचा पीएच थोडा खाली गेला तरी ते लवकर बाहेर पडणार, हे तिला ठाऊक होते. मग पीएच मीटर बरोबर आहे का? मीटर तपासण्याच्या द्रावणाची मुदत आदल्या आठवड्यात संपलेली निघाली. नवे द्रावण, नवी तपासणी, शिखर जागेवर. अमेरिकेला जाणाऱ्या मालासाठी तिथल्या औषध प्रशासनाचे तपासनीस येतात आणि ते गोळ्यांपेक्षा वह्या जास्त वाचतात. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही, पांढऱ्या शाईने झाकायची नाही. एक आडवी रेघ, बाजूला तारीख, सही आणि कारण. यंत्र चालवायला बी.एस्सी. पुरते, किंबहुना हुशार बारावी पासही शिकेल. यंत्र बिघडल्यावर कुठे पाहायचे, हे विद्यापीठातल्या दोन वर्षांनी शिकवले. पाचव्या-सहाव्या वर्षी ती विभागात वरच्या जागेवर गेली आणि पगाराची रेघ तेव्हा कुठे भावाच्या जुन्या रेघेला छेदून वर आली.

घरातही काही बदलले. सरकारने २०१४ मध्ये खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जसवलतीची योजना आणली. गावात अनेकांनी ती ऐकली, पण कागद पुरे करायला दुसऱ्याच्या दारात गेले. या घरात बँकेच्या व्याजाचा तक्ता मुलीने स्वतः तपासला, त्यातला दंडव्याजाचा एक आकडा बँकेला विचारला आणि अर्ज वेळेत गेला. कर्जातून सुटका झाली ती भावाची.

आणि मग जनसुनावणी. २०२२ च्या अखेरीला खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, आणि लिलाव झाल्यावर पर्यावरण दाखल्यासाठी लोकांचे म्हणणे ऐकणे कायद्याने आले. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे खाणीच्या परिणामांवरच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. धाकटीने तो रात्री बसून वाचला. त्यातल्या पाण्यावरच्या प्रकरणात गावातल्या विहिरींची पातळी दिली होती, पण ती ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत मोजलेली. आमच्याकडे तेव्हा विहीर काठोकाठ असते. खाणीचा खड्डा खोल गेला की विहीर तळ दाखवते ती एप्रिल-मेमध्ये. तिने उभे राहून एवढेच विचारले, की उन्हाळ्यातले मोजमाप कुठे आहे, आणि हा प्रश्न इतिवृत्तात घ्या. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना वाचून दाखवावे लागते. वाचताना तिचा प्रश्न गाळला गेला, तेव्हा तिने पुन्हा हात वर केला आणि तो घालायला लावला.

त्याच मंडपात भाऊ खाण सुरू व्हावी म्हणून बोलला. स्थानिकांच्याच गाड्या घ्या, दर ठरवून द्या, ही त्याची मागणी होती आणि ती रास्त होती. दोघे एकाच स्कूटरवरून आली आणि एकाच स्कूटरवरून गेली. भावाने मला बाहेर सांगितले, "मॅडम, मला खाण पाहिजे. पण विहिरीचं ती म्हणते ते खोटं नाही."

१९८०-९० च्या दशकांत विकसनशील देशांना सल्ला मिळायचा की पैसा प्राथमिक शिक्षणावर घाला, विद्यापीठाचा फायदा शिकणाऱ्यालाच होतो. जागतिक बँक आणि युनेस्को यांनीच नेमलेल्या एका कृतिदलाने २००० साली हे मोजमाप अपुरे ठरवले, कारण पदवीधराच्या पगारापलीकडे समाजाला जे मिळते ते त्यात धरलेच जात नव्हते. त्या मंडपातला प्रश्न कुठल्या पगारपत्रकात दिसेल? आणि त्याचा फायदा ज्यांच्या विहिरी आहेत त्या प्रत्येकाला आहे, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला.

हे प्रत्येकाचे होत नाही

या मुलीच्या वर्गातल्या सगळ्यांचे असे झाले नाही. काही अजून सरकारी नोकरीच्या वाटेवर डोळे लावून आहेत. गोव्यात ही वाट पाहणे हा एक रोगच झाला आहे, आणि २०२४ मध्ये नोकरीच्या नावाने लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागून एक पोलिसांत गेली तेव्हा त्या रोगाची खोली दिसली. फसलेल्यांत शिकलेली घरे होती. नुसती पदवी कुणाला शहाणे करत नाही. प्रयोगशाळेत हात न घालता, पाठ केलेल्या उत्तरांवर मिळालेली एम.एस्सी. त्या पीएच मीटरपर्यंत पोचली नसती. आणि वेर्ण्याची वसाहत नसती तर खरी एम.एस्सी.ही मुंबई-पुण्याला गेली असती.

शिकण्यासाठी बाहेर जाण्याची गोव्याची सवय जुनी आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये साखवाळहून घर सोडून संस्कृत शिकायला पुण्याला गेले, पुढे पालीसाठी श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले. पोर्तुगीज काळात इथे वैद्यकीय शाळा होती, १८४२ पासूनची, पण विद्यापीठ नव्हते. ज्यांना ऐपत होती त्यांचे मुलगे मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठत. मुली घरी राहत. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजी आणि मडगावला पहिली कॉलेजे निघाली, १९८५ मध्ये विद्यापीठ झाले. या मुलीला १८९९ सारखे घर सोडावे लागले असते, तर आईने कितीही ठरवले असते तरी २०१२ मध्ये ते जमले नसते. ती शिकली, कारण कॉलेज आणि विद्यापीठ बसच्या अंतरावर होते.

म्हणून सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या नियोजित आयआयटीवरून जो वाद झाला त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. जानेवारी २०२१ मध्ये गावकऱ्यांनी ती जागा देण्यास विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यांना शिक्षणाचे वैरी ठरवणारे लेख तेव्हा मी वाचले. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मागत होते, आणि देशभरच्या परीक्षेतून भरणाऱ्या त्या जागांत आपली किती मुले बसतील हेही विचारत होते. नावाजलेली संस्था हवीच. पण सत्तरी-सांग्याच्या मुलींचे नशीब ठरते ते साखळी, केपे, फर्मागुढीच्या प्रयोगशाळांत काचसामान पुरेसे आहे का आणि संध्याकाळी सहानंतर बस आहे का, यावर.

पैसा नाही असे कुणी म्हणू नये. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीतला १० टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. शिवाय २०१५ च्या कायद्याने आलेले, खाणवाल्यांच्या पैशातून चालणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि त्याच्या खर्चाच्या अग्रक्रमांत शिक्षण लिहिलेले आहे. त्या पैशातून खाणपट्ट्यातल्या तालुक्यांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षे दरमहा निर्वाहभत्ता द्यावा, ही माझी मागणी आहे. फी माफी नको, तिने प्रश्न सुटत नाही. बी.एस्सी.वर कारखान्यात जो पगार सुरू होतो त्याच्या निम्मी रक्कम थेट मुलाच्या खात्यात जावी, हजेरी आणि प्रॅक्टिकलची अट घालावी, आणि खाण बंद पडली तरी भत्ता बंद पडणार नाही असे आदेशात लिहावे. खाणींची कामे पुन्हा सुरू होऊ लागली आहेत. माझ्या वर्गातली डिचोलीकडची मुले टिपरच्या किमती विचारू लागली आहेत, त्यामुळे हा आदेश पुढच्या जूनच्या प्रवेशाआधी निघायला हवा.